परदेशी वार्ताहराला बातमी सुचवायची आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी परदेशी वाचकांसाठी राजकारण आणि उद्योग-व्यापाराच्या बातम्या देते. बातमी सुचवणारे बरेच ईमेल पहिल्या दोन ओळींतच बाद होतात. त्यातल्या काहींत खरोखर बातमी दडलेली असते, पण ती सातव्या परिच्छेदात. वारंवार येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं म्हणून एकदाच इथे लिहून ठेवते आहे. इतर परदेशी वार्ताहरांचं कामही थोड्याफार फरकाने असंच चालतं.

तुम्हाला नेमकं काय पाठवायचं?

विषय पाठवू नका, बातमी पाठवा. हा फरक नीट कळला, तर पुढचं सगळं सोपं आहे.

“आमच्या बंदरात प्रचंड भ्रष्टाचार आहे, तुम्ही यावर लिहायला हवं.” हा विषय झाला. तो खरा असेल, गंभीरही असेल, पण यावर मी सोमवारी सकाळी काय करायचं ते मला कळत नाही.

आता हे बघा: “बंदराच्या नव्या धक्क्याच्या निविदेच्या अटी निविदा उघडण्याच्या आदल्या आठवड्यात बदलल्या. बदललेल्या अटींत बसणारी एकच कंपनी उरली. ती चार महिन्यांपूर्वी नोंदवलेली आहे आणि तिच्या संचालकांत खात्याच्या मंत्र्यांचे मेहुणे आहेत. दोन्ही अटींच्या प्रती आणि कंपनी नोंदणीचा उतारा माझ्याकडे आहे. बाद झालेल्या एका कंपनीचे व्यवस्थापक नावानिशी बोलायला तयार आहेत.”

यात काहीतरी घडलं आहे, कधी घडलं ते कळतं, कागद आहेत आणि बोलणारा माणूस आहे. ‘प्रचंड’ हा शब्द एकदाही आलेला नाही. हा ईमेल आला तर मी त्याच दिवशी फोन करीन.

पण ही बातमी तर स्थानिक वृत्तपत्रंही छापतील. तुमच्याकडे कशाला यायचं?

कित्येकदा यायची गरज नसतेच. बंदराच्या बातमीत मेहुण्यांपलीकडे काही नसेल, तर ती स्थानिक वृत्तपत्रांची बातमी आहे आणि ते ती माझ्यापेक्षा चांगली करतील. माझा वाचक दुसऱ्या देशात बसलेला आहे. त्याला तो मंत्री माहीत नाही, तो पक्ष माहीत नाही, कदाचित ते बंदरही माहीत नाही. त्याने हे का वाचावं, याचं उत्तर लागतं.

ते उत्तर बहुधा पैशाच्या वाटेवर सापडतं. धक्क्याला कर्ज कुणी दिलं? परदेशी बँक किंवा आंतरराष्ट्रीय वित्तसंस्था असेल, तर निविदेचे तिचे स्वतःचे नियम असतात आणि ते मोडले गेले का, हा प्रश्न लगेच दोन देशांचा होतो. या बंदरातून काय बाहेर जातं? तांबं जात असेल, तर कुठल्या देशातले कारखाने त्यावर चालतात? बाद झालेली कंपनी कुठली? एवढं शोधून एका वाक्यात लिहिलंत, तर माझं निम्मं काम तुम्ही केलंत.

दुसरी वाट असते तीच गोष्ट अनेक देशांत घडत असण्याची. निवडणुकीच्या तोंडावर वीजदर गोठवणारं सरकार एखादंच नसतं. तुमच्या देशातलं उदाहरण इतरांपेक्षा स्पष्ट असेल, किंवा इथे पहिल्यांदाच त्याचं बिल कुणी भरलं ते दिसत असेल, तर मला रस आहे.

ईमेल किती मोठा असावा?

मोबाइलच्या एका स्क्रीनवर मावेल इतका. ‘विषय’ या रकान्यात बातमीच लिहा. “महत्त्वाचे”, “तातडीचे”, “एक नम्र विनंती” यांतून काही कळत नाही. मग काय घडलं, नवं काय आहे, तुम्हाला कसं माहीत, कोण बोलेल, कुठले कागद आहेत आणि घाई असेल तर ती कशाची. शेवटी तुमचा या प्रकरणाशी संबंध काय, तेही सांगा. तुम्ही हरलेल्या कंपनीत काम करत असाल, तर त्याने माहिती खोटी ठरत नाही. पण ते मला तिसऱ्या आठवड्यात दुसऱ्याकडून कळलं, तर तुमच्या बाकीच्या माहितीकडेही मी संशयाने बघू लागते.

पनामा पेपर्सची, म्हणजे परदेशी बेनामी कंपन्यांत ठेवलेल्या पैशाच्या फुटलेल्या कागदांची, सुरुवात एका जर्मन वृत्तपत्राच्या पत्रकाराला आलेल्या दोन-तीन ओळींच्या निनावी संदेशाने झाली होती. पाठवणाऱ्याने स्वतःला ‘जॉन डो’ म्हणवून घेतलं आणि डेटात रस आहे का, एवढंच विचारलं. त्यातून पुढे 1 कोटी 15 लाख कागदपत्रं बाहेर आली आणि एप्रिल 2016 मध्ये बातम्या छापून आल्यावर काही दिवसांत आइसलँडच्या पंतप्रधानांना पायउतार व्हावं लागलं. तुमच्याकडे तेवढा ऐवज नसेल, तर दोन ओळी पुरणार नाहीत. पण तुमच्याकडे जे आहे, त्याला सहा पानंही लागत नाहीत.

तुम्हाला आवडलं म्हणजे बातमी होणार का?

नाही. मला पटलं की मी ते डेस्कला सांगते. डेस्क म्हणजे मुख्यालयातले संपादक. त्यांच्यासमोर त्याच दिवशी दुसऱ्या दहा देशांतून आलेल्या कल्पना असतात आणि तुमच्या देशाबद्दल त्यांना एवढंच आठवत असतं की मागच्या महिन्यात तिथली एक बातमी घेतली होती. म्हणजे तुम्ही जे मला सांगता, तेच मला पुन्हा चार वाक्यांत दुसऱ्याला पटवायचं असतं. तुमच्या ईमेलमधली चांगली वाक्यं मी जशीच्या तशी उचलते, हे कबूल करायला हरकत नाही.

डेस्कचे प्रश्न ठरलेले असतात. आत्ताच का? आधी कुणी केलं आहे का? पुरावा काय? फोटो मिळतील का? शेवटच्या प्रश्नाला लोक हसतात, पण फोटोअभावी मागे पडलेल्या बातम्या पुष्कळ आहेत.

कधी पाठवावं?

निवडणुकीच्या निकालाच्या, अर्थसंकल्पाच्या किंवा मध्यवर्ती बँकेच्या व्याजदराच्या दिवशी दुसरं काही पाठवू नका. त्याच घटनेशी संबंधित असेल तर मात्र आदल्या दिवशी पाठवा. निकालाच्या सकाळी मला विश्लेषक हवाच असतो आणि तो आधीच ठरलेला असतो.

ज्या बातमीला तारीख आहे, म्हणजे खटल्याची सुनावणी, कायद्याचं मतदान, कराराची मुदत, ती दोन-तीन आठवडे आधी सांगा. मुख्यालय दुसऱ्या कालक्षेत्रात असल्यामुळे तुमची दुपार म्हणजे तिकडची पहाट असू शकते. ‘आज संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवा’ हे बहुतेक वेळा जमत नाही.

उत्तर आलं नाही तर?

एका आठवड्याने एकदा आठवण करा, आणि तेव्हा नवं काही घडलं असेल तर ते वर लिहा. त्यानंतरही उत्तर नसेल, तर ते ‘नाही’ समजा आणि दुसऱ्याकडे जा. एकाच संस्थेतल्या चार वार्ताहरांना एकाच वेळी तोच ईमेल पाठवू नका. आम्ही एकमेकांशी बोलतो, आणि मग प्रत्येकाला वाटतं की दुसरा बघतो आहे.

आमच्या कंपनीच्या अध्यक्षांची मुलाखत घ्याल का?

पीआर एजन्सींकडून हा प्रश्न रोज येतो. मुलाखत ही बातमी नसते. अध्यक्ष काय सांगणार आहेत जे आजवर कुणी सांगितलेलं नाही? “कंपनीचा प्रवास” आणि “भविष्यातील दृष्टिकोन” यांत माझ्या वाचकाला रस नाही. पण त्याच अध्यक्षांनी दोन कारखाने बंद करून तिसऱ्या देशात का नेले, नव्या आयातशुल्काचा बोजा त्यांनी स्वतः किती सोसला आणि ग्राहकावर किती टाकला, हे आकड्यांसह सांगायची तयारी असेल, तर मी येते. प्रश्न आधी मागितलेत तर विषय सांगीन, प्रश्नावली देणार नाही.

एजन्सीच्या लोकांना एक खाजगीतला सल्ला: तुमच्या ग्राहकाची बातमी नसलेल्या दिवशी एखाद्या क्षेत्रात काय चाललं आहे ते सांगणारी, स्वतःचा काही फायदा नसलेली माहिती पाठवत जा. तुमचा नंबर मग मी सेव्ह करून ठेवते.

‘एक्सक्लुझिव्ह’ देतो म्हटलं तर चालेल?

चालेल, पण शब्द पाळा. एक्सक्लुझिव्ह म्हणजे ती माहिती तुम्ही दुसऱ्या कुणालाही दिलेली नाही आणि ठरलेल्या मुदतीपर्यंत देणार नाही. मुदत आधीच ठरवा, नाहीतर मी महिनाभर अडकवून ठेवीन आणि तुम्ही वैतागाल. हे दोघांच्याही सोयीचं आहे.

एम्बार्गो म्हणजे माहिती आधी देऊन अमुक वेळेपर्यंत छापायची नाही असं ठरवणं. मोठे अहवाल आणि आकडेवारी अशी आधी मिळाली तर नीट वाचायला वेळ मिळतो. पण एम्बार्गो दोघांच्या संमतीने होतो. न विचारता आलेल्या प्रेस नोटवर ‘एम्बार्गो’ असा शिक्का मारला म्हणून मी बांधली जात नाही. आणि एम्बार्गो बातमीच्या भल्यासाठी असावा. 1945 च्या मे महिन्यात जर्मनीच्या शरणागतीची बातमी दोस्तराष्ट्रांच्या लष्कराने राजकीय सोयीसाठी दाबून धरली होती. एपी या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या एडवर्ड केनेडी यांनी ती फोडली आणि त्यांची नोकरी गेली. एपीने त्याबद्दल माफी मागितली ती थेट 2012 साली, केनेडी जाऊन कित्येक दशकं झाल्यावर.

मी ‘ऑफ द रेकॉर्ड’ सांगितलं, तर माझं नाव येणार नाही ना?

आधी ठरलं असेल, तर नाही येणार. सगळं सांगून झाल्यावर “हे ऑफ द रेकॉर्ड हं” म्हणणं उशिराचं आहे. ईमेलच्या वर ते शब्द टाकून खाली सगळी कहाणी लिहिणंही तसंच, कारण मी अजून हो म्हटलेलं नाही.

शब्दांचे अर्थ प्रत्येक न्यूजरूममध्ये थोडे वेगळे असतात, म्हणून नुसता शब्द वापरू नका, अर्थ बोलून घ्या. साधारणपणे असं: ऑन द रेकॉर्ड म्हणजे तुमचे शब्द, नाव आणि हुद्दा सगळं छापता येतं. बॅकग्राउंड म्हणजे शब्द वापरता येतात, नाव नाही, आणि तुमचं वर्णन कसं करायचं ते आपण ठरवतो. डीप बॅकग्राउंड म्हणजे माहिती वापरता येते, पण ती कुणाच्याही तोंडी घालायची नाही. ऑफ द रेकॉर्ड म्हणजे छापायचंच नाही. मी ती दिशा धरून दुसरीकडून दुजोरा मिळवू शकते का, हेही तेव्हाच विचारून घ्या, कारण यावरच सगळ्यात जास्त गैरसमज होतात. परिषदांमध्ये चालणारा चॅटहॅम हाऊस या लंडनच्या अभ्याससंस्थेचा नियम आणखी वेगळा आहे: माहिती वापरता येते, पण कोण बोललं आणि ते कुठल्या संस्थेचे हे सांगता येत नाही. तो नियम 1927 पासूनचा आहे.

वर्णनाकडे मात्र बारकाईने बघा. “वाटाघाटींची थेट माहिती असलेली व्यक्ती” हे वाचायला सुरक्षित वाटतं. पण त्या खोलीत तिघेच होते आणि त्यातले दोघे मंत्री होते, तर तिसरा कोण ते दुपारपर्यंत सगळ्यांना कळेल. अशा वेळी वर्णन आणखी सैल करा म्हणून माझ्याशी भांडा. तो तुमचा हक्क आहे. आणि माझ्या संपादकाला तुमचं खरं नाव बहुधा सांगावं लागतं, हेही धरून चाला.

माझ्याकडे कागदपत्रं आहेत. कशी पाठवू?

पाठवण्याआधी थांबा. ऑफिसचा ईमेल, ऑफिसचा कॉम्प्युटर, ऑफिसचं वाय-फाय, ऑफिसचा प्रिंटर यांतलं काहीही वापरू नका. 2017 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचा एक गोपनीय अहवाल एका वृत्तसंस्थेकडे पोहोचला. खातरजमेसाठी त्याची प्रत सरकारला दाखवली गेली, तेव्हा कागदाला घडी पडलेली दिसली. म्हणजे तो छापलेला होता. नोंदी तपासल्या तर छापणारे सहाच जण निघाले आणि त्यांतल्या एकीने ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून त्या वृत्तसंस्थेला ईमेल केलेला होता. तिला पुढच्या वर्षी पाच वर्षं तीन महिन्यांची शिक्षा झाली. चूक एकट्या तिची नव्हती. कागद हाताळणाऱ्या पत्रकारांनाही जास्त जपायला हवं होतं.

तेव्हा पहिला निरोप स्वतःच्या फोनवरून, सिग्नलसारख्या, निरोप तिसऱ्याला वाचता येत नाहीत अशा ॲपवर, आणि त्यात कागद नकोत. फक्त काय आहे ते सांगा. कसं द्यायचं ते मग ठरवू. बऱ्याच मोठ्या संस्थांकडे सिक्युअरड्रॉप नावाची यंत्रणा असते, ती अशाच कामासाठी आहे. वर्ड फाईलमध्ये लिहिणाऱ्याचं नाव आणि फोटोत जागा व वेळ नोंदलेली राहते, हे विसरू नका. मात्र स्वतःहून पानं कापू नका किंवा मजकूर खोडू नका. मूळ कागद जसा असेल तसाच लागतो, नाहीतर खरेपणा तपासता येत नाही.

आणि वकिलाशी बोला, माझ्याशी बोलण्याआधी. जागल्यांना, म्हणजे आतून गैरप्रकार उघड करणाऱ्यांना, संरक्षण देणारे कायदे देशागणिक वेगळे आहेत. युरोपियन युनियनने 2019 साली यासाठी समान किमान नियम घातले, तरी तिथेही माध्यमांकडे थेट जाण्याला अटी आहेत. लक्झेंबर्गमधले करसवलतीचे कागद 2014 साली उघड झाले. ते देणाऱ्यांपैकी एका माजी कर्मचाऱ्याच्या बाजूने युरोपीय मानवी हक्क न्यायालयाचा अंतिम निकाल लागला तो 2023 मध्ये. मी तुमचं नाव लपवू शकते, तुमची नोकरी वाचवू शकत नाही.

पुरावा दिला तरी इतके महिने का लागतात?

कारण एक कागद पुरत नाही. कागद खोटा असू शकतो, खरा पण अर्धवट असू शकतो, किंवा खरा असून त्याचा अर्थ वेगळा असू शकतो. वायरकार्ड या जर्मन कंपनीच्या हिशेबांबद्दल फायनान्शियल टाइम्सने 2015 पासून लिहिलं. 2019 च्या सुरुवातीला कंपनीच्या सिंगापूर कार्यालयातून मिळालेल्या कागदांवर आधारित बातम्या आल्या, तेव्हा जर्मनीच्या नियामकाने चौकशी कंपनीऐवजी पत्रकारांच्या मागे लावली आणि त्यांच्याविरुद्ध तक्रारही दाखल केली. जून 2020 मध्ये 1.9 अब्ज युरो बहुधा अस्तित्वातच नाहीत हे कंपनीला मान्य करावं लागलं आणि ती दिवाळखोरीत गेली. त्या काळात प्रत्येक वाक्यामागे कागद नसता, तर वृत्तपत्राला टिकता आलं नसतं.

ज्याच्यावर आरोप आहे, त्याला प्रश्न पाठवून उत्तराला पुरेसा वेळ द्यावा लागतो. सुचवणाऱ्यांना हे आवडत नाही: “त्यांना कळलं तर ते दाबून टाकतील.” क्वचित तसं होतं. पण त्यांची बाजू न विचारता छापलेली बातमी पहिल्याच कायदेशीर नोटिशीत पडते. आमचे वकील प्रत्येक ओळ वाचतात, त्यालाही वेळ लागतो.

पक्ष फुटणार आहे, माझ्याकडे आतली खबर आहे.

राजकारणातल्या अशा खबरा रोज असतात आणि बऱ्याच वेळा खबर देणाऱ्यालाच ती पसरायला हवी असते. कोण किती आमदार किंवा खासदार घेऊन जाणार, त्यातले कोण बोलतील, सरकार पडलं तर कुठला करार किंवा कायदा लटकेल, हे असेल तर पाठवा. नुसतं ‘नाराजी आहे’ यावर मी काही लिहीत नाही.

छापण्याआधी मजकूर दाखवाल का?

नाही. तुमचे शब्द बरोबर उतरलेत का ते वाचून दाखवता येईल. तांत्रिक भाग, आकडे तपासून घेते. पूर्ण मजकूर बाहेर जात नाही.

मग निदान कधी येणार ते तरी सांगा.

बाजारात नोंदवलेल्या कंपनीची बातमी असेल तर तेही नाही. 1980 च्या दशकात वॉल स्ट्रीट जर्नलच्या एका स्तंभलेखकाने उद्या कुठल्या शेअरबद्दल छापून येणार हे दलालांना आदल्या दिवशी सांगितलं. स्तंभातली माहिती खरीच होती. तरी तो दोषी ठरला आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1987 साली ती शिक्षा कायम केली. तेव्हा वेळ विचारू नका. आणि तुमच्याकडे त्या कंपनीचे शेअर असतील, तर पहिल्याच फोनवर सांगा.

माहितीचे पैसे मिळतात का?

माहितीचे नाहीत. विमानाचं तिकीट, हॉटेल, भेटवस्तू हेही नको, दोन्ही बाजूंनी.

मी स्वतः स्थानिक पत्रकार आहे. कल्पना दिली आणि तुम्ही परस्पर केली तर?

ही भीती रास्त आहे. परदेशी पत्रकारितेत हे होत आलं आहे. त्यामुळे सगळं एकदम देऊ नका. बातमी काय आहे ते सांगा, सूत्रांची नावं नका सांगू. पहिल्याच ईमेलमध्ये लिहा की तुम्हाला यात काम करायचं आहे: सहलेखक म्हणून, स्ट्रिंगर (कामापुरता नेमलेला वार्ताहर) म्हणून की फिक्सर (भेटीगाठी, भाषा, प्रवासाची सोय बघणारा) म्हणून. बायलाइन, म्हणजे बातमीवर तुमचं नाव, असेल का, दर काय, खर्च कोण देणार, बातमी छापलीच गेली नाही तर काय मिळणार, हे काम सुरू होण्याआधी लेखी घ्या. लेखी देत नसेल तर दुसरा वार्ताहर शोधा.

उलटीही बाजू बघा. बातमी छापून आल्यावर मी दुसऱ्या देशात बदलून जाऊ शकते, तुम्ही तिथेच राहणार. बायलाइनमुळे धोका असेल, तर नाव न घालता पूर्ण मोबदला घेणं हा सरळ मार्ग आहे आणि त्यात कमीपणा नाही.

ईमेल एआयकडून लिहून घेतला तर?

भाषा सुधारून घ्या, हरकत नाही. पण त्या मजकुरात आकडे आणि नावं आपोआप उगवलेली असतात आणि मी प्रत्येक तपासते. एक खोटं निघालं की उरलेलं वाचायचं सोडून देते.

बातमी आली, पण त्यात चूक आहे.

लगेच कळवा. कुठलं वाक्य, त्यात काय चूक, बरोबर काय आणि त्याचा आधार काय, एवढं लिहा. तथ्य चुकलं असेल तर दुरुस्ती होते आणि दुरुस्ती केल्याची नोंद बातमीखाली राहते. मथळा डेस्क लिहितो, पण त्याची तक्रारही माझ्याकडेच करा, मी पुढे पोहोचवते. “आमची बाजू कमी आली” ही तक्रार असेल, तर प्रश्न पाठवले तेव्हा उत्तर दिलं होतं का, ते आधी तुमच्या इनबॉक्समध्ये बघा.